पडद्यावरचे कोटणीस आणि खरे कोटणीस

(आकाशवाणी सोलापूर केंद्रावरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या सोलापुरात कुणालाही थांबवून विचारा, ‘डॉक्टर कोटणीस कोण?’ उत्तरासाठी फार वेळ लागणार नाही. आपल्या गावचे, चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता वारले, आणि व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. आता पुढचा प्रश्न विचारा, ‘ते कशाने वारले?’ मी इतिहासाचा शिक्षक होतो, त्यामुळे असले प्रश्न विचारायची खोड मला आहे. जुन्या पिढीतल्या पुष्कळ मंडळींकडून मला आजवर एकच उत्तर मिळाले आहे : ‘प्लेगने.’

कोटणिसांचा मृत्यू प्लेगने झाला नाही. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके येत असत आणि अशाच झटक्यांत ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. मग प्लेग आला कुठून? तो आला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या १९४६ सालच्या चित्रपटातून. त्यात डॉक्टर भयंकर साथीवर औषध शोधून काढतात, आणि शेवटी त्याच रोगाला स्वतः बळी पडतात. ज्या माणसाचे घर आपल्या गावात आहे, त्याच्या मरणाचे कारणही आपण घरच्यांना न विचारता पडद्याला विचारले! आजचा माझा विषय हाच आहे. सिनेमा आणि मालिका पाहून आपण इतिहास शिकतो, ही गोष्ट आता नाकारण्यात अर्थ नाही. शाळेत शिकवलेले परीक्षेनंतर आठवडाभरात विसरले जाते, पाहिलेले मात्र जन्मभर डोळ्यांसमोर राहते. म्हणून तो इतिहास कसा तयार होतो, त्यात काय भरले जाते, काय गाळले जाते, हे जरा नीट समजून घेऊ. उदाहरण घरचेच घेऊ.

आधी खरी हकिगत. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरचा. मुंबईच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि आपले डॉ. कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये या मंडळींनी मुंबईचा किनारा सोडला. त्या वेळी कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही पुरे झाले नव्हते.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी त्यांना मिळाली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले आणि पुढे कोटणीस उत्तर चीनमधल्या डोंगराळ भागात, थेट लढाईच्या तोंडाशी काम करू लागले. तिथले काम कसले, याची कल्पना करून पाहा. औषधे अपुरी, भूल द्यायची साधने अपुरी, शत्रू जवळ आला की सगळा दवाखाना खेचरांवर लादून पुढच्या गावी न्यायचा. १९४० सालच्या एका मोठ्या मोहिमेत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. त्यातले एकदा तर सलग बहात्तर तास ते झोपेविना शस्त्रक्रिया करीत उभे होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हे याच भागात काम करीत असताना १९३९ साली मरण पावले होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला कापले आणि ती जखम चिघळली, एवढेच निमित्त झाले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ साली कोटणिसांकडे आले.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस चिनी भाषा शिकला. नुसती बोलण्यापुरती नव्हे, लिहायलाही शिकला. तिथल्या तरुणांना तो त्यांच्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागला आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहायला बसला. मृत्यूच्या वेळी ते लेखन अर्धवट होते. पथकातल्या डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडून घेतले होते. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दी हुआ’. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी कुओ छिंग लान या परिचारिकेशी लग्न केले. दोघांची ओळख बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनाच्या वेळी झाली होती. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ‘यिन हुआ’, म्हणजे भारत-चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना डॉक्टर गेले. वय बत्तीस.

आता चित्रपट. पथकाची हकिगत सांगणारे ख्वाजा अहमद अब्बास यांचे ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक १९४४ साली निघाले. त्याच्या आधारे अब्बास आणि व. प. साठे यांनी पटकथा लिहिली. शांतारामबापूंनी दिग्दर्शन केले आणि डॉक्टरांची भूमिकाही स्वतःच केली. (डॉक्टरांच्या वडिलांचे नाव शांताराम आणि पडद्यावर डॉक्टर झालेल्या दिग्दर्शकाचे नावही शांताराम, हा योगायोग सोलापूरकर हमखास सांगतात.) चिंग लानची भूमिका जयश्रीबाईंनी केली. संगीत वसंत देसाई यांचे. हिंदीबरोबर इंग्रजीतही हा चित्रपट तयार केला गेला, कारण ही कथा परदेशात जावी अशी बापूंची इच्छा होती. चिनी माणसे पडद्यावर हिंदीत बोलतात, आणि त्यातली कितीतरी आपलीच मराठी नटमंडळी आहेत. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात वावगे वाटले नाही. आपणही वाटून घ्यायचे कारण नाही, नाटकात अकबर मराठी बोलतोच की.

मुख्य फरक तीन-चार ठिकाणी आहेत. चित्रपटात डॉक्टर जपान्यांच्या हाती सापडतात आणि निसटतात. तिथे ते प्लेगवर औषध शोधतात. आणि अगदी शेवटी, डॉक्टरांच्या मृत्यूनंतर, चिंग लान तान्ह्या मुलाला घेऊन भारतात येते. मरणापूर्वी डॉक्टरांनी तिला सगळी वाट सांगून ठेवलेली आहे, आणि त्यांच्या शब्दांच्या मागोमाग ती सोलापूरच्या घराकडे चाललेली आपल्याला दिसते. हा शेवट पाहून डोळे पुसले नाहीत असा सोलापूरकर विरळा.

प्रत्यक्षात त्या बाई चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या भारतात अनेकदा येऊन गेल्या, कोटणीस कुटुंबाशी त्यांचे नाते शेवटपर्यंत टिकले, पण त्यांचे घर तिकडेच होते. २०१२ साली त्या वारल्या. मुलगा यिन हुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ साली, पंचविशीच्या आतच गेला. वडिलांपेक्षाही कमी आयुष्य. ‘मग ती सून सोलापूरला कुठे राहायची?’ असे मला एकदा वर्गात विचारले होते. विचारणाऱ्या मुलीच्या आजीने सिनेमा पाहिला होता, आणि आजीच्या दृष्टीने सून घरी आली, म्हणजे आली.

हे बदल का केले असावेत? खोटे बोलायचे म्हणून नव्हे, असे मला वाटते. खऱ्या कोटणिसांचे मोठेपण त्यांच्या चिकाटीत आहे. रोज तीच जखम, तोच चिमटा, तीच पट्टी, पुढचा माणूस. सलग बहात्तर तासांची शस्त्रक्रिया ऐकायला रोमांचकारक वाटते, पण पडद्यावर तुम्ही ती किती मिनिटे दाखवाल? भाषा शिकणे दाखवाल? पाठ्यपुस्तक लिहिणे दाखवाल? सिनेमाला संकट लागते, ते संकट डोळ्यांना दिसावे लागते, नायकाने त्यावर मात करावी लागते आणि त्या विजयाची किंमतही त्यानेच मोजावी लागते. प्लेगच्या कथेत हे चारही धागे आपोआप गुंफले जातात. शिवाय प्लेग म्हणजे काय हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नव्हते. १८९६-९७ च्या साथीने मुंबई-पुण्यापासून खेड्यापाड्यांपर्यंत घरेच्या घरे रिकामी केली होती आणि १९४६ साली ते पाहिलेली माणसे थिएटरात बसलेली होती. फेफऱ्याचे मात्र तसे नाही. आपल्याकडे तो आजार लपवून ठेवायचा, लग्न जमवताना तर नावही काढायचे नाही. नायक फेफऱ्याने जातो, हे दाखवायला त्या काळी कोणाही निर्मात्याचा हात अडखळला असता.

आणि नेमके इथेच काहीतरी हरवते. तरुण डॉक्टरला झटके येत होते, तो ते ओळखून होता, तरी काम सोडून उपचारासाठी दूर जायला तयार नव्हता. ही गोष्ट प्लेगच्या शोधापेक्षा मला किती तरी मोठी वाटते. फेफऱ्याचा आजार असलेला माणूस रुग्णालयाचा संचालक होऊ शकतो, शिकवू शकतो, संसार करू शकतो, हे आपल्या गावातल्या कितीतरी घरांना १९४६ साली कळले असते. प्लेगने ती संधी घेतली. मी बापूंना दोष देत नाही. पण बदलाची किंमत असते आणि ती कुणीतरी भरत असते, एवढे लक्षात ठेवायला हवे.

आता याच चित्रपटाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. कोटणिसांविषयी तो जिथे चुकतो, तिथे १९४६ सालाविषयी तो फार खरे सांगतो. महायुद्ध नुकते संपले होते. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता. चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता यायला तीन वर्षे होती. त्यामुळे पडद्यावरचा चीन म्हणजे नुसता शूर, सोशिक, आक्रमकाशी लढणारा शेजारी. कोटणिसांनी १९४२ साली चिनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला होता, याला मुंबईच्या चित्रपटात फारसे महत्त्व असण्याचे कारण नव्हते. आपण गुलामीत असूनही दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी माणूस पाठवू शकतो, हा अभिमान त्या चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीत भरलेला आहे. तोच चित्रपट १९६२ च्या युद्धानंतर काढला असता, तर तसा निघाला असता का? १९८२ साली चीनमध्येही कोटणिसांवर चित्रपट निघाला. त्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ तिथे टपाल तिकीटही काढले गेले. आपल्याकडचे तिकीट १९९३ सालचे. माणूस एकच, पण मुंबईत तो भारतमातेचा सुपुत्र आणि तिकडे तो चिनी जनतेचा साथी. प्रत्येक ऐतिहासिक चित्रपटात असे दोन काळ असतात. एक, ज्याची गोष्ट सांगितली जाते तो, आणि दुसरा, ज्या काळात ती सांगितली जाते तो. जुन्या चित्रपटाकडून दुसऱ्या काळाविषयी पुष्कळ शिकता येते, आणि ते ज्ञान बहुधा पहिल्यापेक्षा भरवशाचे असते.

प्लेगचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या एका चित्रपटाचा उल्लेख करतो. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट काढला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली झालेली घरझडती, चापेकर बंधूंनी केलेला रँडचा वध आणि पुढचा सगळा शेवट, असा त्याचा विषय. नाव पाहा. ‘अमर’ नाही, ‘वीर’ नाही, नुसती तारीख. चित्रपटही तसाच आहे, संथ, कोरडा म्हणावा इतका. चापेकरांचा धार्मिक कडवेपणाही तो लपवत नाही. आयर्स्ट हा दुसरा गोरा अधिकारी त्या रात्री चुकून मारला गेला, हेही तो सांगतो. पाहून बाहेर पडताना टाळ्या वाजवाव्यात की गप्प राहावे, हे कळत नाही. माझ्या मते इतिहासाच्या चित्रपटाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. पण हेही कबूल करायला हवे, की ‘अमर कहानी’ आमच्या आजीपर्यंत पोहोचली आणि ‘२२ जून’ पोहोचला नाही.

दूरदर्शनने १९८८ साली श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दाखवली. नेहरूंच्या पुस्तकावर आधारलेले त्रेपन्न भाग. अनेकांना तिचे शीर्षकगीत आठवते. मला आठवते ती वेगळीच युक्ती. ओम पुरी एका भागात अशोक होत, दुसऱ्या भागात औरंगजेब. नसीरुद्दीन शहा शिवाजी महाराज झाले. सदाशिव अमरापूरकरांनी महात्मा फुले उभे केले. तोच नट वेगवेगळ्या शतकांत दिसला, की प्रेक्षकाला सारखी जाणीव राहते, की हा औरंगजेब नव्हे, औरंगजेबाविषयी आपल्याला जे माहीत आहे ते हा नट करून दाखवतो आहे. शिवाय मधून मधून नेहरूंच्या वेषात रोशन सेठ येऊन बोलत, शंका काढत. गोष्ट सांगणारा कोण हे प्रेक्षकाला दिसत होते. इतर मालिकांत सांगणारा पडद्याआड लपतो आणि गोष्ट जणू स्वतःच घडते आहे असा भास होतो.

मराठी माणसाच्या बाबतीत तर आणखी एक टप्पा मध्ये आहे. आपण इतिहास थेट सिनेमातून शिकत नाही, कादंबरीतून शिकतो आणि सिनेमा त्या कादंबरीवरून निघतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ वाचून थोरले माधवराव कळले आणि पुढे दूरदर्शनच्या मालिकेने त्यांना रवींद्र मंकणींचा चेहरा दिला. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून ‘बाजीराव मस्तानी’ आला २०१५ साली. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरून त्याच नावाचा चित्रपट आला २०२५ साली. कादंबरीकाराने कागदपत्रे वाचली, त्यातल्या मोकळ्या जागा आपल्या प्रतिभेने भरल्या, तो त्याचा हक्कच आहे. मग पटकथाकाराने कादंबरी वाचली आणि तिच्यातल्या मोकळ्या जागा भरल्या. मग नृत्यदिग्दर्शक आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र ‘पिंगा’ घालतात, संभाजीराजे लेझीम खेळतात, हे वाद आपल्याला आठवत असतील. लेझमाचे दृश्य तर प्रदर्शनापूर्वीच काढून टाकावे लागले. लोक नाचावर भांडले. पण मूळ कागद आणि पडदा यांच्या मध्ये किती हात फिरले, याची चौकशी फार थोड्यांनी केली. ‘अमुक कादंबरीवर आधारित’ अशी ओळ सुरुवातीला येते, तेव्हा आपण लाह्या सांडत जागा शोधत असतो.

दैनंदिन मालिकांचे गणित तर आणखी निराळे. एखाद्या वर्षातल्या एखाद्या महिन्यासाठी इतिहासकाराच्या हाती एखादे पत्र असते, कधी तेही नसते. मालिकेला मात्र त्या महिन्याचे वीस-पंचवीस भाग भरायचे असतात आणि प्रत्येक भागाच्या शेवटी ‘आता काय होणार?’ असा खिळा ठोकायचा असतो. हे कुठून आणणार? वाड्यातली कुजबुज, भिंतीआडून ऐकणे, सासू-सुनेचा रुसवा, यातूनच. ‘राजा शिवछत्रपती’ किंवा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ यांसारख्या मालिकांनी मुलांच्या तोंडी गडांची आणि सरदारांची नावे बसवली, हे त्यांचे ऋण मी मानतो. वर्गात येसाजी कंक म्हटल्यावर पूर्वी कोरे चेहरे दिसत, मालिकेनंतर हात वर होऊ लागले. पण मग त्याच मुलांकडून मला संवादही ऐकायला मिळत, जणू ते बखरीतून उतरवून घेतले आहेत. मी त्यांना एवढेच विचारायचो, ‘त्या खोलीत दोघेच होते ना? मग बाहेर सांगितले कुणी?’ एका मुलाने यावर दोन दिवस विचार करून उत्तर आणले, ‘सर, भिंतीआड एक जण होता.’

‘छावा’ प्रदर्शित झाला तेव्हा मी मात्र माझ्या परिचयातल्या तरुणांना एकच सुचवले. चित्रपट पाहा आणि पुढच्या रविवारी माचणूरला जा. मंगळवेढा तालुक्यातले हे गाव आपल्याला सिद्धेश्वराच्या देवळामुळे माहीत आहे, भीमेच्या काठी देऊळ आणि शेजारी किल्ल्याची तटबंदी. चित्रपट संपतो १६८९ साली, संभाजी महाराजांच्या बलिदानापाशी. प्रेक्षकाला वाटते, औरंगजेब जिंकला, आता तो दिल्लीला जाणार. तो गेलाच नाही. त्यानंतरची अठरा वर्षे, मरेपर्यंत, तो दख्खनमध्येच अडकून पडला. त्यातली १६९५ ते १६९९ ही सुमारे साडेचार वर्षे त्याची छावणी आपल्या जिल्ह्यात, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला होती. माचणूरचा किल्ला त्याच काळातला. हिंदुस्थानच्या बादशहाची राजधानी म्हणजे त्या काळात जवळपास हेच भीमाकाठचे रान! फौज, बाजार, हत्ती, कारभारी, वकील सगळे इथे. आणि तिकडे राजाराम महाराज जिंजीला, संताजी-धनाजी मोगली फौजांना हैराण करताहेत. ज्या ठिकाणी चित्रपटाचा पडदा पडतो, त्या ठिकाणी सोलापूर जिल्ह्याचा अंक सुरू होतो. काही तरुण गेले. त्यांतला एक परत येऊन म्हणाला, ‘तिथे फार काही बघण्यासारखे नाही.’ खरे आहे, तटाचे दगड आहेत आणि नदी आहे. पण बादशहा जिंकूनही घरी जाऊ शकला नाही, हे मला कुठल्याच पडद्याने इतके स्पष्ट सांगितलेले नाही.

आता ज्याच्यावर कुठला गाजलेला चित्रपट नाही, अशा गोष्टीकडे येतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले. ८ मे रोजी पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली, चवताळलेल्या जमावाने पोलिसांवर हल्ला केला, न्यायालयाची इमारत जाळली. त्यानंतर काही दिवस या शहरात ब्रिटिशांची सत्ता उरली नव्हती आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांची व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. तिरंगा बाळगणे हाही गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी रोज हजारो माणसे सिग्नलला थांबतात. त्यांतल्या किती जणांना ही चारही नावे सांगता येतील, हे तुम्ही कधी तरी विचारून पाहा.

आम्ही वर्गात एक खेळ करीत असू. समजा, यावर सिनेमा काढायचा आहे. नायक कोण? मुले लगेच भांडू लागत. चौघे चार समाजांचे. एकाला नायक करावे तर बाकीचे तिघे त्याचे मित्र होऊन बसतात. खलनायक कोण? कुणी म्हणे कलेक्टर, कुणी म्हणे पोलीस. मग मी विचारायचो, हल्ल्यात मेलेले पोलीस दाखवायचे की नाही? तेही आपलेच लोक होते. इथे वर्ग शांत व्हायचा. आणि मग खरा अवघड प्रश्न : गिरण्या कशा दाखवणार? जुनी गिरणी १८७७ सालची. त्यानंतर आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून कामगार आले, शहर सूत आणि कापडावर उभे राहिले. १९३० साली ही कामगार मंडळी रस्त्यावर आली ती केवळ गांधीजींच्या अटकेमुळे, की पोटातली आणखीही एखादी आग होती? पगार, महागाई, चाळीतली खोली या गोष्टी कॅमेऱ्याला आवडत नाहीत. त्यांना चेहरा नसतो. म्हणून बहुतेक ऐतिहासिक चित्रपटांत माणसे शूर असतात किंवा दुष्ट असतात, पण ती काय खातात आणि त्यांना किती पगार मिळतो, हे कधी कळत नाही.

या खेळाचा एक फायदा असा व्हायचा, की मुले दुसऱ्या दिवशी घरून काहीतरी घेऊन येत. कुणाच्या पणजोबांची मार्शल लॉमधली आठवण, कुणाच्या घरातले जुने कात्रण. सिनेमा पाहणाऱ्यापेक्षा सिनेमा काढायला बसलेल्याला जास्त माहिती लागते. पटकथा लिहायला घेतली की लक्षात येते, इथे आपल्याला ठाऊक नाही, इथे आपण रचतो आहोत. शाळांनी हा खेळ जरूर करून पाहावा. त्याला कॅमेरा लागत नाही, वही लागते.

कोटणिसांच्या बाबतीत तर आपली सोय फारच चांगली आहे. पथकातल्या डॉ. बसूंची रोजनिशी ‘कॉल ऑफ येनान’ या नावाने १९८६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. अब्बास यांचे पुस्तक आहे. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या घराचे महापालिकेने स्मारक केले आहे, तिथे छायाचित्रे आणि कागद पाहता येतात. चित्रपटही मिळतो. एखाद्या सुट्टीत घरातल्या मुलांना आधी चित्रपट दाखवा, अगदी पुरता, शेवटी रडू आले तर येऊ द्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्मारकात न्या. तिथल्या फोटोंत डॉक्टर रुबाबदार नायकासारखे दिसत नाहीत. जाड सुती गणवेश, दमलेला चेहरा, आजूबाजूला तशीच दमलेली माणसे. माझ्याबरोबर आलेल्या एका सातवीतल्या मुलाने बराच वेळ पाहून विचारले, ‘हे सिनेमातल्यापेक्षा लहान कसे काय दिसतात?’ बापू पंचेचाळिशीच्या घरात होते, मी त्याला म्हटले, आणि हे बत्तिसाव्या वर्षी गेले.